मंडई ते तांबट आळी फोटोवॉक : पहिल्यांदाच जातेय, काय नेऊ आणि लोकांचे फोटो कसे काढू?

निळीछत्री (बुधवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. मी इथे वाचनमात्र असते, पहिलाच धागा काढतेय, चुकल्यास सांभाळून घ्या. शनिवारी सकाळी पुण्यात एक ग्रुप फोटोवॉक आहे, मंडईपासून सुरू करून तुळशीबाग, दगडूशेठवरून लाल महाल, कसबा गणपती आणि शेवटी तांबट आळी असा रूट दिलाय. मैत्रिणीने नाव घातलं आणि आता ती म्हणतेय तिला जमणार नाही, म्हणजे मी एकटी आणि बाकी सगळे अनोळखी. माझ्याकडे सेकंडहँड घेतलेला क्रॉप सेन्सरचा (म्हणजे फिल्मच्या फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा आहे, सोबत आलेली १८-५५ ची झूम लेन्स आणि एक ५० एमएम ची. दोन्ही न्यायच्या का? ट्रायपॉड लागतो का? आणि खरा प्रश्न म्हणजे माणसांचे फोटो काढायची मला प्रचंड लाज वाटते, विचारून काढायचे की न विचारता? विचारलं की लोक सावधान उभे राहतात आणि नाही विचारलं तर मलाच चोरी केल्यासारखं वाटतं. घरी फुलांचे आणि मांजराचे मिळून ढीगभर फोटो झालेत, आता बाहेर पडायचंय.

एफ_साडेपाच (बुधवार, रात्री १०:०५)

स्वागत! ट्रायपॉड अजिबात नको, मंडईत पाय ठेवायला जागा नसते तिथे तुमच्या ट्रायपॉडचे तीन पाय कुठे ठेवणार. लेन्स एकच न्या असं सांगेन. क्रॉप सेन्सरवर ५० एमएम म्हणजे जवळजवळ ७५-८० चा अँगल मिळतो, चेहऱ्यांना मस्त पण गल्लीत मागे सरकायला जागाच उरत नाही, त्यामुळे तुमची १८-५५ लावा आणि ३५ च्या आसपास ठेवून विसरून जा. फ्रेंच फोटोग्राफर कार्तिये-ब्रेसाँ आयुष्यभर बहुतेक ५० नेच काढत होता हे खरं पण त्याचा फिल्म कॅमेरा होता, त्यावर ५० म्हणजे खरंच ५०.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा जी कोणी सांगत नाही. मंडईत आत अंधार असतो आणि गाळ्यांवर एलईडी नाहीतर ट्यूब. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा मिचकतात. शटर १/५०० सेकंद ठेवलंत तर फोटोत आडवे काळे-पिवळे पट्टे येतील आणि तुम्ही कॅमेऱ्याला शिव्या घालाल. आत १/१०० ठेवा, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० पर्यंत जाऊद्या बिनधास्त, फोटो थोडा दाणेदार आला तर आला. बाहेर उजेडात आल्यावर परत बदला, हे विसरायला होतं.

सदाशिवचाबोळ (बुधवार, रात्री १०:३१)

या या. हा वॉक माझा नाही पण याच रूटवर आम्ही बरेचदा फिरतो म्हणून सांगतो. मंडईला मेट्रोने या, मंडई स्टेशन २०२४ पासून सुरू आहे आणि गाडी लावायचा ताप वाचतो. इमारतीचे फोटो काढणार असाल तर आधी बाहेरून एक फेरी मारा. आठ पाकळ्यांची आहे ती, मधे उंच टॉवर, १८८६ साली रे मार्केट म्हणून उघडली, तेव्हाच्या गव्हर्नरचं नाव. गंमत म्हणजे जोतीराव फुल्यांनी नगरपालिकेत या इमारतीच्या खर्चाला विरोध केला होता, तो पैसा शिक्षणाला लावा म्हणून, आणि पुढे अत्र्यांच्या पुढाकाराने नाव पडलं महात्मा फुले मंडई. सकाळी लवकर टॉवरवर तिरका उजेड येतो, आठ वाजून गेले की सपाट.

तांबट आळीत मात्र घाई करू नका. कारागीर कामाला बसायला वेळ लागतो, आधी जाऊन बंद दारांचे फोटो काढून लोक परत येतात. पेशवाईपासूनची ही वस्ती, त्वष्टा कासार समाजाची. पातेली, घंगाळं, बंब. तांब्याच्या पत्र्यावर ठोकून जे गोल गोल ठसे उठवतात त्याला मठारकाम म्हणतात, नुसती नक्षी नाहीये ती, ठोकल्याने तांबं कडक होतं आणि भांडं टिकतं. हातोडा धूसर हवा असेल तर १/३० ला काढा, माणूस स्थिर आणि हात हललेला येतो. एकाच जागी पंधरा मिनिटं बसलात की ते तुम्हाला विसरतात, मग फोटो येतात.

खडूसकाका (बुधवार, रात्री ११:१२)

ट्रायपॉड, आयएसओ, शटर. मूळ प्रश्नाला कोणी हात लावला नाही. बाईंनी विचारलंय माणसांचे फोटो काढावेत की नाही.

माझं मत, ग्रुपने गेलात तर काढू नका. तीसचाळीस जण गळ्यात कॅमेरे लटकवून एका गल्लीत शिरले की त्याला फोटोग्राफी म्हणत नाहीत, तो मोर्चा असतो. एकाला एक सुरकुतलेली आजी दिसली की बाकीचे अकरा तिथे गोळा होतात आणि बाराही जण तोच फोटो काढतात, संध्याकाळी तोच फोटो बारा वेळा फेसबुकवर, बाराही ब्लॅक अँड व्हाइट. सुरकुत्या दिसल्या की रंग उडवायचा हा कुठला नियम आहे मला अजून कळलेलं नाही. त्या आजीने लालभडक लुगडं नेसलेलं असतं हो!

निळीछत्री (गुरुवार, सकाळी ७:५०)

काका 😀 पण आता मी जास्तच घाबरले.

भाऊचाधक्का (गुरुवार, सकाळी ९:२०)

खडूसकाकांना पूर्ण अनुमोदन आणि अर्धा विरोध.

मुंबईत ससून डॉकची गोष्ट घ्या. १८७५ चं बंदर, पहाटे पाचला बोटी लागतात, टोपल्या उतरतात, लिलाव चालतो, कोलंबी सोलणाऱ्या बायका ओळीने बसलेल्या, फोटोग्राफरला वेड लागेल असा तो नजारा. आणि म्हणूनच एकेकाळी दर रविवारी तिथे इतके ग्रुप यायचे की हातगाडीवाल्यांना वाट मिळायची नाही. बर्फाचा गाडा मागून येतोय आणि हा बाबा रस्त्यात उकिडवा बसून ओल्या जमिनीतलं प्रतिबिंब काढतोय. आता तिथे गेटवर कॅमेरा आत नेऊ देतील असं गृहीत धरून जाऊ नका, परवानगी विचारतात, सुरक्षेचं कारण आहेच पण तिथल्या लोकांचा वैतागही काही कमी नव्हता. एका मावशीने आमच्यातल्या एकाला सरळ विचारलं होतं, फोटो काडतंस तर म्हावरं पन घेनार काय? त्याने मान खाली घातली. मी पापलेट घेतलं, महाग पडलं, पण नंतर तिने स्वतःहून हाक मारून शेजारणीला फोटोसाठी उभं केलं.

अर्धा विरोध अशासाठी की एकटी नवीन मुलगी गळ्यात कॅमेरा घालून पहाटे बाजारात जायला बिचकते, तिला ग्रुपचा आधार लागतो. ग्रुप वाईट नाही, आकडा वाईट. अमेरिकन फोटोग्राफर स्कॉट केल्बीने २००८ पासून जगभर एकाच दिवशी वॉक काढायला सुरुवात केली त्यातसुद्धा एका वॉकला पन्नासचीच मर्यादा होती, आणि आपल्या बोळांत पन्नास म्हणजे वरातच झाली.

कोथिंबीरजुडी (गुरुवार, दुपारी २:१५)

वाचत होते, राहवलं नाही म्हणून लिहितेय.

माझ्या आईचा मंडईत गाळा आहे. आजीचा होता, मग आईचा, मी कॉलेजला असताना सुट्टीत बसायचे. तुम्ही सगळे आमच्याबद्दल बोलताय म्हणून आमच्या बाजूने सांगते. सकाळची वेळ म्हणजे आमची विक्रीची वेळ, मार्केट यार्डातून माल आलेला असतो, निवडायचा असतो, जुड्या बांधायच्या असतात, पाणी मारायचं असतं, आणि तेव्हाच गिऱ्हाईक येतं. तुम्ही गाळ्यासमोर पाच जण उभे राहिलात की गिऱ्हाईक पुढच्या गाळ्यावर जातं. इतका साधा हिशोब आहे. फोटोचा राग नसतो हो, आईला तर फोटो काढलेला आवडतो, ती पदर नीट करते आणि वांगी पुढे ओढते. राग येतो तो काढून न बोलता निघून जातात त्याचा. एकदा एका ग्रुपमधल्या माणसाने आईला सांगितलं "इकडे बघू नका, काम करा, नॅचरल पाहिजे". स्वतःच्या गाळ्यावर बसून तिने हे ऐकून घ्यायचं?

अजून एक, आईचा फोटो एका कॅलेंडरवर आला होता. आम्हाला दुसऱ्याच कोणीतरी आणून दाखवला. सुंदर होता फोटो, खोटं कशाला बोलू. पण काढणाऱ्याने एक कॉपी आणून दिली असती तर काय गेलं असतं त्याचं.

सदाशिवचाबोळ (गुरुवार, दुपारी २:४०)

ताई, हे इथे लिहिलंत ते फार बरं केलंत.

एफ_साडेपाच (गुरुवार, दुपारी ३:०२)

कायद्याने बोलायचं तर सार्वजनिक जागी फोटो काढायला आपल्याकडे सरसकट बंदी नाहीये, आणि फोटोचा कॉपीराइट काढणाऱ्याचाच असतो. मी समर्थन करत नाहीये, फक्त सांगतोय. दर वेळी विचारत बसलं तर स्ट्रीट फोटोग्राफी हा प्रकारच बंद होईल.

खडूसकाका (गुरुवार, दुपारी ३:१०)

बंद झाला तर होऊद्या.

हांबुर्गहून (गुरुवार, संध्याकाळी ६:३५)

कायद्याचा विषय निघालाच आहे तर इकडची गंमत ऐका. जर्मनीत १९०७ चा एक कायदा अजून लागू आहे, माणसाचा फोटो त्याच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करता येत नाही. त्याला अपवाद आहेत, सभा-मिरवणुकीतली गर्दी किंवा माणूस त्या दृश्यात नुसता आला असेल तर चालतं, पण एकाच्याच चेहऱ्यावर रोखलेला फोटो असेल तर विचारा. त्यामुळे इथल्या फोटोवॉकला लोक मुकाट आर्किटेक्चर काढतात, पूल, जिने, सावल्या, पाठमोरी माणसं, छत्र्या. छत्र्या तर इतक्या की विचारू नका. (निळीछत्री, तुम्हाला नाही बोलले!)

पण आमच्याकडे रविवारी पहाटे फिशमार्क्ट भरतो एल्बे नदीच्या काठावर, १७०३ पासून चालू आहे, उन्हाळ्यात पाचलाच सुरू होतो आणि साडेनऊला आवरतात. तिथले विक्रेते ओरडून ओरडून माल विकतात, अगदी आपल्या तुळशीबागेसारखे, आणि ते हौसेने पोझ देतात कारण ओरडणं हाच त्यांचा शो आहे. आमच्या ग्रुपची पद्धत अशी की आधी एक पिशवी फळं नाहीतर ईल माशाचा तुकडा घ्यायचा, बोलायचं, मग कॅमेरा दाखवून भुवया उंचावायच्या. तोंडाने विचारावं लागतही नाही. माणूस मान हलवतो किंवा हात आडवा धरतो, दोन सेकंदात निकाल. आणि न विचारता काढलेला फोटो चांगला आला तर नंतर जाऊन स्क्रीनवर दाखवायचा, नको म्हणाला तर त्याच्यासमोर डिलीट. निळीछत्री, लाज वाटत असेल तर हे करून बघा, भाषा येत नसूनसुद्धा मला जमलं, तुम्हाला तर मराठीत बोलायचंय.

भाऊचाधक्का (गुरुवार, रात्री ८:५०)

एफ_साडेपाच, स्ट्रीट बंद होईल वगैरे काही नाही. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवरचं फोटोग्राफर सुधारक ओलव्यांचं काम बघा, २०१६ ला पद्मश्री मिळाली त्यांना. ते फोटो एका सकाळच्या फेरीत येत नाहीत, त्या माणसांत वर्षानुवर्षं जाऊन काढलेत आणि फोटोतली माणसं तुमच्याकडे ज्या नजरेने बघतात ती ओळखीशिवाय येतच नाही. वॉकवाल्यांनी त्या दर्जाचं काढावं असं माझं म्हणणं नाही, हौस आहे आपली. पण एका वर्षात पंचवीस ठिकाणी जाण्यापेक्षा मंडईतच परत परत जा ना. तिसऱ्या वेळी त्या बायकाच विचारतात, गेल्या वेळचा फोटो कुठाय.

निळीछत्री (गुरुवार, रात्री ९:३०)

सगळ्यांचे आभार, एवढं येईल वाटलं नव्हतं. कोथिंबीरजुडी, तुमच्या आईंना भेटायला आवडेल, फोटो न काढता सुद्धा.

अजून एक शंका. वॉक झाल्यावर फोटो व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकायचे म्हणाले आहेत. मैत्रिणीने आधीच्या वॉकचा ग्रुप दाखवला, चारशे फोटो आणि प्रत्येकाखाली "मस्त", "क्लास", "वाह सर". त्यातून शिकायचं काय?

एफ_साडेपाच (गुरुवार, रात्री ९:५५)

हाहा, हे मात्र दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत. व्हॉट्सॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान करतो आणि एक्झिफ पण काढून टाकतो, म्हणजे कुठलं शटर कुठला आयएसओ काहीच कळत नाही, चर्चा काय करणार कपाळ. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मग मूळ फाइल जशीच्या तशी जाते. फक्त मोबाइलवरून काढलेला असेल तर त्यात लोकेशन पण असू शकतं, घरचे फोटो तसे पाठवू नका.

जुन्या काळी हे सगळं फ्लिकर या फोटोंच्या साइटवर चालायचं. तिथल्या ग्रुपमध्ये लोक खरंच लिहायचे, डावा कोपरा काप, क्षितिज वाकडं आहे, मागचा खांब डोक्यातून उगवलाय. नंतर फेसबुक आलं तसं अर्धं पब्लिक तिकडे गेलं, आणि २०१८ मध्ये कंपनी विकली गेल्यावर फुकट खात्याला १००० फोटोंची मर्यादा घातली तेव्हा उरलेले पण पांगले. माझ्या मते इंस्टाने सगळ्यात जास्त वाट लावली, सगळे उभे फोटो, सगळे चेहरे मधोमध, सगळं नारिंगी-निळं.

सदाशिवचाबोळ (गुरुवार, रात्री १०:२०)

आमच्याकडे आम्ही एक नियम केला, ग्रुप सोडून गेले काही लोक पण फायदा झाला. वॉकनंतर एकाने फक्त पाचच फोटो टाकायचे. निवडणं हेच अर्धं शिक्षण आहे. आणि ज्याने पाच टाकले त्याने दुसऱ्या कोणाच्यातरी एका फोटोवर दोन वाक्यं लिहायचीच, त्यात "मस्त" शब्द आला तर धरत नाही. पहिल्या महिन्यात भांडणं झाली. एक काका रुसून बसले कारण एका अठरा वर्षांच्या पोराने त्यांना लिहिलं की तुमच्या फोटोत कोण महत्त्वाचं आहे तेच कळत नाही. पोराचं बरोबर होतं.

दुसरं म्हणजे प्रिंट. पुढच्या वॉकला येताना आधीच्या वेळच्या माणसांचे चार बाय सहाचे प्रिंट घेऊन यायचे, लॅबमध्ये चहाच्या पैशात होतात. कोणी आणले नाहीत तर त्याला आम्ही काही म्हणत नाही, पण ज्याने आणले त्याच्याशी बाजार कसा बोलतो ते बाकीच्यांना दिसतंच की.

खडूसकाका (गुरुवार, रात्री १०:४५)

बोळ, हे आवडलं. आणि मंडईत शिरताना तिघाचौघांच्या टोळ्या करा, एक टोळी आत, एक बाहेर, एक तुळशीबागेत. सगळ्यांनी मिळून फिरायचं असेल तर सारसबागेत जा.

आषाढी वारीच्या वेळी दिवे घाटात तर हल्ली वारकऱ्यांपेक्षा लेन्स जास्त दिसतात, त्यावर वेगळा धागा काढतो.

एफ_साडेपाच (गुरुवार, रात्री १०:४८)

काढू नका, मागच्या वेळी तीनशे प्रतिसाद झाले होते आणि शेवटी ॲडमिननी कुलूप लावलं.

कोथिंबीरजुडी (शुक्रवार, सकाळी ६:१०)

आईला धागा वाचून दाखवला. पापलेटवाल्यांवर खूप हसली. ती म्हणते कॅलेंडरवाल्याचा राग नाही, पण फोटोत मागे तिची अर्धी रिकामी टोपली आलीय, भरलेली असताना काढायचा होता ना.

निळीछत्री, शनिवारी येताय तर नऊच्या पुढे या आमच्याकडे, तोवर गर्दीची एक लाट ओसरलेली असते आणि तिला बोलायला वेळ असतो. बाकीच्यांबरोबर आधी टॉवर वगैरे उरकून घ्या. गाळ्याची खूण मेसेजमध्ये पाठवते, इथे नको.

निळीछत्री (शुक्रवार, सकाळी ८:०५)

नक्की येते! फक्त १८-५५ घेऊन. १/१०० लिहून ठेवलंय हातावर. मोबाइलवर पण एकदोन काढले तर चालतील ना?

एफ_साडेपाच (शुक्रवार, सकाळी ८:३०)

चालतील काय, पळतील. फक्त पोर्ट्रेट मोड बंद ठेवा, कोथिंबिरीच्या पानांची तो पार वाट लावतो, कडेची अर्धी जुडी धूसर आणि अर्धी कापल्यासारखी दिसते.

कोथिंबीरजुडी (शुक्रवार, सकाळी ८:४१)

आणि सुट्टे आणा, किंवा यूपीआय चालतं. पाचशेची नोट सकाळी सकाळी नको.